जिन्यावरचा सीन

वर्गात तिला सगळे कात्री म्हणायचे आणि तिला ते नाव आवडायचं. पटकथालेखनाच्या पदव्युत्तर वर्गात आठ जण होते. लिहायला सगळेच आले होते, पण कापण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. कुणाच्याही पटकथेचं पान समोर आलं की ती लगेच सांगायची: हा संवाद खोटा, ही बाई इथे रडणार नाही, हा माणूस दार उघडायच्या आधीच सीन संपलाय. बहुतेक वेळा तिचं बरोबर असायचं. माणूस बहुतेक वेळा बरोबर ठरायला लागला की उरलेल्या वेळी त्याला कोणी टोकायला जात नाही, आणि तिच्या बाबतीत नेमकं तेच झालं होतं.

वर्ग तळमजल्यावर भरायचा. पूर्वी तिथे जुन्या टेपा ठेवायचे, म्हणून खिडकी नव्हती. एक लांब टेबल, नऊ खुर्च्या, ठिबकणारा एसी आणि त्याच्याखाली बादली. नववी खुर्ची मास्तरांची. मास्तरांनी अर्धं आयुष्य टीव्हीच्या रोजच्या मालिका लिहिल्या होत्या आणि त्या धंद्यातून बाहेर पडताना केस आणि भिडस्तपणा दोन्ही तिथेच ठेवून आले होते. मुलांना ते कौतुकाने क्वचितच मारायचे. बहुतेक वेळा नुसतेच मारायचे, म्हणजे शब्दांनी.

दुसऱ्या वर्षाला त्यांनी एक पद्धत घालून दिली होती, तिचं नाव अदलाबदल. प्रत्येकाची पटकथा चिठ्ठी टाकून दुसऱ्याच्या हाती द्यायची. त्याने ती हवी तशी नव्याने लिहायची. मग सगळ्यांसमोर वाचन, आणि वाचन चालू असताना मूळ लेखकाने चकार शब्द काढायचा नाही.

"बाहेर गेलात की तुमची गोष्ट सात जणांच्या हातून जाणार आहे," मास्तर म्हणायचे. "निर्मात्याचा ड्रायव्हरसुद्धा सूचना करतो. तेव्हा काय रडायचं ते इथेच रडून घ्या."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पण मार खाऊन झाल्यावर मूळ लेखकाला एक हक्क मिळायचा. नव्या पटकथेतला कुठलाही एक सीन त्याने उडवायचा. कारण द्यायचं नाही, कोणी विचारायचं नाही. नव्याने लिहिणाऱ्याने वाद घालायचा नाही आणि उडवलेल्या सीनचं नाव पुन्हा काढायचं नाही. याला मास्तर 'काट' म्हणायचे. म्हणे एका निर्मात्याने त्यांना उभ्या कारकिर्दीत एवढाच एक हक्क दिला होता, तोही मालिका बंद पडायच्या आठवड्यात.

कात्रीच्या पटकथेचं नाव होतं 'उशीर', आणि ती तिच्या घरातलीच होती. ती सहा वर्षांची असताना आई दवाखान्यात होती. एका दुपारी बाप "आलोच" म्हणून खोलीतून बाहेर पडला आणि दिवे लागल्यावर परतला. तोवर आई गेली होती. सहा वर्षांची पोर तिच्या उशाशी एकटी बसलेली, नर्सने तिच्या हातात बिस्किटाचा पुडा दिलेला. पुढे तिला मावशीने वाढवलं, आणि बाप त्या दुपारी कुठे होता हे मावशीनेच सांगितलं. बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. कुठल्याशा इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत, जोडीदारांबरोबर पत्ते कुटत बसला होता.

बापाने हे कधी नाकारलं नाही. रविवारी तो मावशीकडे यायचा, खुर्चीच्या कडेवर टेकायचा, पोरीला पेन्सिलींची पेटी द्यायचा आणि चहा घेऊन जायचा. मावशी समोर आली की खाली बघायचा. चोराच्या मनात चांदणं, असं कात्री मोठी झाल्यावर स्वतःला सांगायची. तोंडावर ती त्याला बाबा म्हणायची, अहो-जाहो करायची. पटकथेत मात्र त्याचं नाव नुसतं 'बाप' होतं.

मावशीवर तिचा जीव होता. मावशी औषधांच्या दुकानात दिवसभर उभी राहून घरी यायची, पाय गरम पाण्यात सोडायची आणि टीव्ही लावायची. मालिकेतली सून तोंड उघडायच्या आधीच मावशी तिचं वाक्य म्हणून दाखवायची, आणि तेच वाक्य आलं की दोघी हसून लोळायच्या. कात्रीचा कान तिथे तयार झाला. मावशी गेली त्याच्या पुढच्या वर्षी तिने नोकरी सोडून हा अभ्यासक्रम धरला.

वर्षअखेरीला आठांपैकी एका पटकथेवर दिग्दर्शनाची मुलं लघुपट करायची. तो संस्थेच्या छोट्या सभागृहात दाखवायचे आणि घरच्यांना बोलवायचे. कात्रीला तो लघुपट हवा होता. नाव व्हावं म्हणून नव्हे, नावासाठी हपापलेले सात जण वर्गात होतेच. तिला बापाला त्या सभागृहात बसवायचं होतं. इतकी वर्षं जो माणूस चहाच्या कपाआड तोंड लपवत आला, त्याला अंधारात बसवून ती दुपार पुरती बघायला लावायची होती, आणि दिवे लागले की विचारायचं होतं, आता बोला.

तिची पटकथा पहिल्यांदा टेबलावर आली तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. एकट्या पाहुण्याने प्रश्न विचारला. हा मुलगा दुसऱ्या संस्थेतून वर्षाच्या मध्येच आलेला, म्हणून पाहुणा. आधी तो यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहायचा, त्यामुळे त्याला कुठलाही स्क्रू जागेवर नसला की चैन पडायचं नाही.

"ही मावशी आई गेल्यावर येते," तो म्हणाला. "त्याच्या आधी कुठे होती?"

"म्हणजे?"

"बहीण मरायला टेकलीये. दवाखान्याच्या एकाही सीनमध्ये मावशी नाही. का नाही?"

"ते महत्त्वाचं नाही," कात्री म्हणाली. "गोष्ट बापाची आहे."

मास्तरांनी चष्म्यावरून दोघांकडे बघितलं. खरं म्हणजे तो प्रश्न तिला स्वतःला कधी पडला नव्हता. दुसऱ्याच्या पानावरची चूक तिला पलीकडच्या खोलीतून दिसायची. स्वतःच्या पानावर ती चांगली वीस-पंचवीस वर्षं बसून होती.

चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा 'उशीर' नेमकी पाहुण्याकडे गेली. त्याने तिला बापाबद्दल काही विचारलं नाही. फक्त एकदा, सहज विचारल्यासारखं, बाबा अजून लिफ्टचंच काम करतात का आणि कुठल्या कंपनीत, एवढं विचारून घेतलं. संदर्भासाठी लागत असेल, असं समजून तिने सांगून टाकलं.

महिनाभराने वाचन झालं. पाहुण्याने वाचायला सुरुवात केली आणि पहिल्या काही पानांतच कात्रीला कळलं की पोरगं तयारीचं आहे. बिस्किटाचा पुडा त्याने ठेवला होता, पण पोर तो फोडत नाही, आई उठल्यावर दोघींनी खायचा म्हणून धरून बसते. हे तिने लिहिलं नव्हतं, पण अगदी असंच झालं होतं. तिला त्याचा हेवा वाटला आणि रागही आला.

मग पत्त्यांच्या सीनची जागा आली. पत्ते नव्हतेच.

"जिना. दुपार," पाहुणा वाचू लागला. "बंद दार. आतून टीव्हीचा आवाज. बाप कामाच्या कपड्यांत उभा. दार वाजवतो. म्हणतो, ती बोलावतेय तुला. एकदा चल. आतून मावशीचा आवाज. खोटं. मागच्या वेळीही आजारी आहे सांगूनच नेलं होतंस, त्याच्या आधीही. ठणठणीत होती ती. बाप म्हणतो, या वेळी खरं आहे. मावशी म्हणते, जा तू. टीव्हीचा आवाज वाढतो. बाप पायरीवर बसतो."

बादलीत थेंब पडत होता. पाहुणा वाचत राहिला. वरच्या मजल्यावरचे लोक जिन्याने येतात-जातात, बाप दर वेळी पाय आखडून त्यांना वाट देतो आणि पुन्हा पसरतो. मध्येच उठून दार वाजवतो. पुन्हा बसतो. भिंतीवरचं ऊन सरकत सरकत निघून जातं. जिन्यातला दिवा लागतो. बाप उठतो, पँट झटकतो आणि एकटाच खाली उतरतो.

कात्रीचे कान तापले होते. तिची मावशी, रोज रात्री तिची वेणी घालून देणारी, तापात तिच्या उशाशी बसून राहणारी मावशी, त्या बंद दारामागे बसवली होती. आणि पत्ते कुटणारा बाप पायरीवर बसून साधू झाला होता. दुसऱ्याच्या घरात शिरायचं, भांडी इकडची तिकडे करायची आणि वर त्याला पुनर्लेखन म्हणायचं.

वाचन संपलं. मास्तर म्हणाले, "काट?"

"जिना," ती म्हणाली.

"बरं."

एवढ्यावर थांबायला हवं होतं. कारण द्यायचं नाही हा नियमच होता. पण ती पडली कात्री.

"हा सीन खोटा आहे," ती म्हणाली. "बायको तिकडे शेवटच्या घटका मोजतेय आणि नवरा पायरीवर बसून राहतो? प्रेक्षक विचारेल, हा उठून परत का जात नाही? आणि जी बाई बहिणीला बघायला दार उघडत नाही, ती तिची पोर पुढे जन्मभर सांभाळते? अशी माणसं नसतात. लेखकाला बापाची दया आली म्हणून त्याने जिना बांधलाय."

वर्गातल्या दोघातिघांनी माना डोलावल्या. हे शहाणे कशालाही माना डोलवायचे. मास्तरांनी त्या पानावर आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "गेला. त्या जागी मूळचा सीन येईल. पुढची पटकथा घ्या."

पाहुणा गोरामोरा होऊन बसला होता. वर्ग सुटल्यावर त्याने तिला बाहेर कॉफीच्या मशीनपाशी गाठलं.

"ऐक, तो सीन मी उगाच नव्हता लिहिला."

"उगाच कोणीच लिहीत नाही."

"तसं नाही. तू एकदा बाबांना..."

"काट म्हणजे काट," ती म्हणाली. "नियम तुलाही लागू आहे. सीनचं नाव काढायचं नाही."

तो कप हातात धरून उभा राहिला. आणखी एक वाक्य बोलला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण निवडीत 'उशीर'चा नंबर लागणार हे तोवर सगळ्यांना दिसत होतं, आणि श्रेयनामावलीत दोन नावं येणार होती, एक तिचं आणि एक त्याचं. आपण वचनाला बांधलेले आहोत, नियमाला बांधलेले आहोत, असं त्याने मनाशी म्हटलं असेल. अशा वेळी माणसाला बांधून घ्यायला दोऱ्या बऱ्याच सापडतात. त्याने कॉफी संपवली आणि तो गेला.

निवड झाली. लघुपट झाला. पत्त्यांचा सीन चित्रित होत होता तेव्हा कात्री मुद्दाम हजर राहिली. बापाचं काम करणारा नट भला माणूस होता, त्याने विचारलं, पत्ते खेळताना बायकोची आठवण येते का याला? ती म्हणाली, येते, आणि तरी हा पुढचा डाव वाटतो. नटाने तसंच केलं. पत्ते वाटणारे त्याचे हात इतके सराईत आणि इतके नीच दिसले की कॅमेऱ्यामागच्या पोरांनी दुसरा टेक मागितलाच नाही. कात्रीला वाटलं, झालं काम.

तिने बापाला फोन केला. तो टाळेल, काम आहे म्हणेल, अशी तिने तयारी ठेवली होती.

"येतो की," बाप म्हणाला. "कधीचा वाट बघतोय."

ते ऐकून तिला चीडच आली.

दाखवण्याच्या दिवशी तो वेळेच्या कितीतरी आधी येऊन बसला होता. इस्त्रीचा शर्ट, दाढी घोटलेली, नखांतलं ग्रीस मात्र तसंच, ते आता जन्माचं होतं. खुर्चीच्या कडेवर नव्हे, चांगला मागे टेकून, मधल्या रांगेच्या मधोमध बसला होता. चेहऱ्यावर चक्क आनंद होता. सभागृहाच्या दारात त्याला पाहुणा दिसला तेव्हा त्याने ओळखीचं असल्यासारखा हात वर केला. पाहुण्याने मान खाली घातली आणि तो मागच्या मागे सटकला. कात्रीने ते बघितलं. बाप काय, लिफ्टमध्ये भेटलेल्या कुणालाही हात करायचा, म्हणून तिने ते सोडून दिलं.

दिवे गेले. ती पडद्याकडे बघतच नव्हती, बापाकडे बघत होती. दवाखाना आला, उशी आली, बिस्किटाचा पुडा आला. बापाने हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसले. मग पडद्यावरचा बाप "आलोच" म्हणून बाहेर पडला. तसा हा खुर्चीत पुढे सरकला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. शाळेत आपलं नाव पुकारलं जाणार म्हणून मूल बसतं तसा बसला.

मशीनची खोली आली. पत्ते आले. जोडीदार हसत होते, हात डाव वाटत होते.

बापाने मान किंचित तिरकी केली. त्याला काहीतरी नीट दिसत नसावं तसं. तो थांबला. पत्ते संपले, दवाखाना परत आला, पांढरी चादर आली, तरी तो थांबलाच होता. अजून यायचंय, पुढे येईल, असं त्याच्या बसण्यात स्पष्ट दिसत होतं. मग नावं वर सरकायला लागली आणि टाळ्या पडल्या. दिवे लागले. मास्तर दुरूनच अंगठा दाखवून गेले, हे त्यांनी दोन वर्षांत पहिल्यांदा केलं होतं. लोक उठले, खुर्च्या खाडखाड मिटल्या. बाप बसून होता. ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. 'आता बोला' हे शब्द तिने इतकी वर्षं जपून ठेवले होते.

"संपला?" बापानेच विचारलं.

"हो."

"सगळा?"

"हो, सगळा."

त्याने रिकाम्या पडद्याकडे एकदा बघून घेतलं.

"आणि जिन्याचं?"

जिन्याचा सीन असलेली पटकथा वर्गाबाहेर गेली नव्हती. ते पान तर मास्तरांनी तिथल्या तिथे रेघ मारून ठेवलं होतं.

"कुठला जिना?" ती म्हणाली. हा संवाद खोटा होता, आणि तो खोटा आहे हे तिला बोलतानाच कळलं.

"मावशीच्या दारातला. तुझ्या त्या मित्राला सांगितलं होतं मी. खोलीवर आला होता माझ्या, दोनदा. फार नीट विचारत होता पोरगा. मावशी आधी कुठे होती म्हणाला. इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं ते." बाप हलक्या आवाजात, कामाची माहिती द्यावी तसं सांगत होता. "आमच्या लग्नापासून त्या दोघी बोलत नव्हत्या. मीच दोनदा जाऊन, तुझी आई आजारी आहे असं खोटं सांगून मावशीला घेऊन आलो होतो. मिटेल म्हटलं, भांडण. नाही मिटलं. मग खरंच आजारी पडली तेव्हा लांडगा आला रे आला झालं."

"आणि तुम्ही तिथेच बसून राहिलात?"

"एवढं एकच मागितलं होतं तिने. रिकाम्या हाताने काय परत जायचं?"

सभागृहात आता झाडणारा माणूस आला होता. तो दोघांना वळसा घालून पुढच्या रांगेत गेला.

"मला का नाही सांगितलंत?"

"मावशी होती तोवर कसं सांगणार? तुला ती एकच होती. तिलाही तेवढंच उरलं होतं, तुझं करणं. पत्त्यांचं तिने तुला सांगितलं ते मला कळलं होतं. म्हटलं, राहू दे. मी रविवारपुरता, ती रोजची." त्याने गुडघे चोळले. "ती गेल्यावर सांगायचं होतं. पण तू माझ्यासमोर दोन मिनिटं बसत नव्हतीस. मग हा पोरगा आला. त्याला म्हटलं, तू तिला सांगू नकोस, सिनेमात घाल. तिला आपोआप कळेल."

बापाने तिच्याकडे बघितलं आणि नेहमीच्या घाईने तिला सोडवायला निघाला.

"तू काढलंस ना ते? काढलंस तर काढलंस. मावशी वाईट दिसली असती त्यात, म्हणून काढलंस. बरोबर केलंस. मीही तेच केलं असतं. केलंच की, इतकी वर्षं."

हा संवाद चांगला होता. तिने नुसतं हो म्हणायचं होतं. एका शब्दात बापाचं समाधान झालं असतं, लेकीने सगळं जाणून मावशीची लाज राखली, असं समजून तो इस्त्रीचा शर्ट सांभाळत घरी गेला असता आणि सुखाने झोपला असता. पण दोन वर्षं तिने खोटे संवाद उडवण्यात घालवली होती, आणि जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. शिवाय या माणसाशी निदान आता तरी खरं बोलावं असंही तिला वाटलं. तिला फार रडू येत होतं.

"नाही बाबा," ती म्हणाली. "मला माहीतच नव्हतं ते तुम्ही सांगितलंय. मला वाटलं त्याने मनाने लिहिलंय. मी सगळ्यांसमोर म्हटलं, हे खोटं आहे. असं कोणी करत नाही."

बाप खुर्चीच्या अगदी कडेला सरकला, उठायच्या तयारीत, रविवारी बसायचा तसा.

"हं," तो म्हणाला. "मावशीलाही तेव्हा खोटंच वाटलं होतं."